चोच नारिंगी की गुलाबी

आमची आत्या कवळ्या बनवायची. पांढऱ्या रंगाच्या किती छटा असतात ते मला तिच्यामुळे कळलं. गिऱ्हाईक नुसतं हसलं तरी त्याला कुठला दात शोभेल हे ती ठरवून टाकायची. आणि नवरा मिळाला कसा, तर लाल, नारिंगी, गुलाबी यांत ज्याला काडीचा फरक दिसत नाही असा.

आतोबांना वेड रानहंसांचं. थंडीत गावाबाहेरच्या तळ्यावर राखी हंसांचे थवे उतरायचे. त्यांत दोन पोटजाती मिसळलेल्या, सख्ख्या भावंडांसारख्या. पश्चिमेकडून येणाऱ्यांची चोच नारिंगी, पूर्वेकडच्यांची गुलाबी. नेमकं तिथेच आतोबांचं घोडं अडायचं. लग्नानंतर त्यांनी आत्याला तळ्यावर नेलं, दुर्बीण तिच्या हातात दिली आणि खाली बघत म्हणाले, "अगं, जरा चोचीचा रंग सांग ना."

तेव्हापासून चोच आत्याची, बाकीचा हंस आतोबांचा. ती रंग सांगायची, ते अंग न्याहाळायचे. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, गुलाबी चोचीचे हंस जरा थोराड आणि फिके असतात, पाठीवरच्या पिसांच्या कडाही उजळ.

आत्या निवृत्त झाली त्या हिवाळ्यात मीही सोबत होते. एका दांडग्या हंसाकडे बघून ती म्हणाली, "नारिंगी."

"नाही गं, हा गुलाबी असणार."

"तुम्ही मला रंग शिकवणार?" आत्याचा पारा चढला.

पण पुढचाही तिला नारिंगीच दिसला, त्याच्या पुढचाही. आतोबा हळूच म्हणाले, "हंस तेच आहेत गं. आपण डोळे दाखवून घेऊ."

 घरी आल्यावर चहा गाळताना ती मला म्हणाली, "रंग गेले तर माझ्याकडे राहिलं काय?"

मोतीबिंदू निघाला. त्यामुळेच तिला सगळं पिवळसर दिसत होतं. ऑपरेशन झालं, डॉक्टरांची परवानगी मिळाली, तशी ती आतोबांना घेऊन थेट तळ्यावर गेली. बराच वेळ बघून म्हणाली, "गुलाबी. तुमचंच खरं."

आतोबांनी तिचा हात हातात घेतला. तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि किंचाळलीच, "अहो, हा असला शर्ट कोणी आणला?"

"तूच. गेल्या वर्षी."

"आणि तुम्ही घातलात?"

"तू छान म्हणालीस," आतोबा म्हणाले. "मला काय कळतंय?"