ड्रायव्हरच्या बाह्या

घोडपदेवला आमच्या शेजारच्या खोलीतले काका निवृत्त झाल्यापासून रणगाड्यांची छोटी मॉडेल्स रंगवतात. अंगठ्याएवढ्या सैनिकाच्या खांद्यावरची पट्टी रंगवताना ते श्वास रोखून धरतात. तेव्हा हाक मारली तर ब्रश हलवूनच "थांब" म्हणतात.

दादरला अशा मॉडेल्सचं प्रदर्शन आणि स्पर्धा होती. त्याच्या आदल्या दिवशी मी माझ्या मामांना त्यांच्याकडे नेलं. मामांनी फौजेत रणगाडा चालवला होता. ते स्पर्धेसाठीचा रणगाडा कौतुकाने बघत राहिले आणि मग हसले. "ड्रायव्हरच्या बाह्या वर दुमडलेल्या कशा हो? उन्हात लोखंड तापायचं. कोपरं भाजायची आमची."

मला मामांचा रागच आला. काकांनी मात्र चिमट्याने ड्रायव्हर उचलून बाजूला ठेवला.

"काका, उद्या बक्षीस आहे," मी म्हटलं.

"असू दे रे. चुकीचा माणूस कसा बसवू?"

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी विचारलं, "यात ड्रायव्हर कुठाय?"

काका शांतपणे म्हणाले, "बाह्या खाली करायला गेलाय."

बक्षीस दुसऱ्यालाच गेलं. काका मात्र मामांना घेऊन सगळं प्रदर्शन फिरले आणि प्रत्येक रणगाड्यापाशी थांबून हळूच विचारत राहिले, "इथे काय चुकलंय, सांगा ना."