धुरावलेलं पान

डबा उघडला की आधी यायचा तो धुराचा वास. पेटलेल्या तंबाखूचा नव्हे. अजून काडीही न लागलेल्या, ओलसर, काळसर पानांतून उठणारा तो धूर होता. कुठल्याशा दूरच्या डोंगरावर सुवासिक लाकडं जाळून कुणीतरी तो त्या पानांना देऊन ठेवलेला. त्याच्या मागोमाग चिंचेच्या कोवळ्या पाल्याची आठवण करून देणारी आंबूस चाहूल, आणि सगळ्यांच्या तळाशी, उन्हात पडलेल्या पेंढ्याला असतो तसा सौम्य गोडवा. विलायती पाईपची तंबाखू म्हणजे अत्तर शिंपडलेला, छानछोकीचा काहीतरी प्रकार असणार, अशी माझी पक्की समजूत होती. रेगेसाहेबांच्या त्या चपट्या गोल डब्याने ती एका श्वासात मोडली.

त्या वेळी पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना नवा नवा होता. भोंगा वाजला की भिंतीपलीकडच्या बाजरीतली पाखरं उठायची, आणि अलीकडे आम्ही पांढरे डगले चढवून काचपात्रांत बुरशी वाढवायचो. हसू नका! त्याच बुरशीतून माणसं वाचवणारं औषध निघायचं. रेगेसाहेब आमच्या प्रयोगशाळेचे मुख्य. विलायतेत शिकून आलेले, पण जेवणाच्या डब्यात रोज दहीभात. मी त्यांच्या हाताखालचा मदतनीस, चिंचवडच्या गावठाणातून सायकल हाणत येणारा. प्रयोगशाळेत काडी ओढायलाही मनाई, म्हणून दुपारच्या सुट्टीत साहेब फाटकाबाहेरच्या लिंबाखाली जाऊन बसत आणि खिशातून पाईप काढत. एरवी कुणाला फारसं जवळ न करणारा हा माणूस त्या अर्ध्या तासात मोकळा व्हायचा, आणि ऐकायला मी असायचो.

‘विष्णू, इंग्रजी मिश्रण म्हणजे ज्यात तंबाखूशिवाय दुसरं काही नाही ते,’ असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. ना साखरेचा पाक, ना गुलाबपाणी, ना फळांचे अर्क. नुसती पानं, पण तीन स्वभावांची! व्हर्जिनियाचं पान सोनेरी आणि गोडसर, थोरल्या सुनेसारखं सगळ्यांना सांभाळून घेणारं. तुर्की पान बारकं, उन्हात वाळलेलं, आंबूस आणि जरा फटकळ. आणि तिसरं ते काळंभोर लटाकिया, जे सायप्रसकडच्या डोंगरांत महिनेमहिने लाकडाच्या धुरात टांगून ठेवतात. हे तिसरं कमी पडलं तर मिश्रण मुकं राहतं, जास्त झालं तर ते बाकीच्या दोघांना बोलू देत नाही. प्रमाण जमवणाऱ्याची सगळी कसोटी तिथेच! गोड्या मसाल्यात दगडफूल टाकणारा हात असाच जपून चालतो ना? जी वस्तू शेवटी फुंकूनच टाकायची, तिच्यावर माणसाने इतकी बुद्धी खर्चावी, याला वेड म्हणावं की संस्कृती, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही.

एकदा त्यांनी आपला जुना पाईप भरून माझ्या हातात दिला. मी विडीसारखा जोरात दम मारला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर खोकत बसलो. ‘अरे, छातीत नाही घ्यायचा! तोंडात घोळव आणि सोड. आणि घाई करू नकोस, घाई केली की जीभ भाजते,’ म्हणून साहेब पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखा हळूहळू ओढला, आणि मग मात्र तोंडात एक नवाच प्रदेश उलगडत गेला. काडी लागताच आधी पुढे आला तो धूर, गंभीर आणि कातड्याचा वास असलेला. पाईप अर्ध्यावर आला तेव्हा तुर्की पानाची आंबट झुळूक त्या गांभीर्याची थट्टा करून गेली. आणि अगदी तळाशी, जिथे मला वाटलं होतं की आता फक्त राख आणि कडवटपणा उरणार, तिथे तिघंही एकमेकांत विरघळून एक दाट, तृप्त गोडी होऊन बसले होते! पहिल्या झुरक्याची चव आणि शेवटच्या झुरक्याची चव एक नव्हती, आणि तरी दोन्ही एकाच वस्तूच्या होत्या. अर्ध्यावर टाकून उठणाऱ्याला ही गोडी कशी कळावी?

तुम्ही म्हणाल, गृहस्थ व्यसनाची आरती ओवाळतोय. ओवाळतोय, खरं आहे! तंबाखू छाती पोखरते हे मला ठाऊक आहे, आणि औषधाच्या कारखान्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला ते कुणी शिकवायलाही नको. पण गुण दिसला की तो गुणच म्हणायचा, मग तो वैऱ्याच्या घरचा का असेना. वरून अत्तर न लावता, पानाच्या अंगचंच जे आहे ते धीराने फुलवायचं, या मिश्रणाच्या बाण्यावर मी लुब्ध होतो. मला स्वतःला पाईपची सवय लागली नाही. मला वेड होतं ते डबा उघडला जाण्याच्या त्या क्षणाचं.

आणि मग साहेबांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. पुण्याच्या डॉक्टरांनी डोळ्याबरोबर छातीही तपासली आणि छाती ऐकून मान हलवली. त्या दिवशी साहेबांच्या पत्नीने अन्नाला हात लावला नाही. तेव्हा साहेबांनी त्यांना शब्द दिला, की हा डबा संपला की पाईप कायमचा बंद. परदेशी मालावर निर्बंध आल्यापासून तसंही ते मिश्रण मिळणं मुश्कील झालं होतं, आणि डब्यात तंबाखू उरली होती जेमतेम दहा पाईपांची. शस्त्रक्रियेनंतर महिनाभर खोकणंसुद्धा वर्ज्य, म्हणून पुण्याला निघताना त्यांनी तो डबा माझ्या हवाली केला. ‘जवळ राहिला तर ओढीन रे मी. तू सांभाळ. परत आलो की दर रविवारी एक. तीस वर्षांची सोबत आहे, तिचा नीट निरोप घेऊ दे मला,’ एवढं बोलून ते टांग्यात बसले.

तंबाखू कोरडी पडू नये म्हणून त्यांनी एक युक्तीही सांगून ठेवली होती. कच्च्या बटाट्याची पातळ चकती संध्याकाळी डब्यात ठेवायची आणि सकाळी आठवणीने काढायची. मामाने चाकणहून पाठवलेलं बटाट्याचं पोतं घरात होतंच. ठेवली चकती! आणि दुसऱ्याच दिवशी माझी शिफ्ट बदलली, वर ओव्हरटाइम लागला, आणि ती चकती मी साफ विसरलो. कारखान्यात दिवसभर बुरशीची बाळंतपणं करणारा मी, आणि माझ्याच घरच्या फडताळात बुरशी धरली ते मला कळलं नाही. याला काय म्हणावं? कर्म म्हणावं, दुसरं काय!

पाचव्या दिवशी दुपारी पाळी संपवून घरी येताना गल्लीच्या तोंडाशीच माझा पाय सायकलवरून खाली आला. लिंबाखालचा तो दरवळ आमच्या गावठाणात! पण करपलेला, आणि दसपट उग्र. शेजारीपाजारी शिंकत होते. आत धावलो, तर आई चुलीपुढे बसून तव्यावर काहीतरी काळंकुट्ट परतत होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडच्या बायका तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजतात, कुटतात, आणि ती मशेरी सकाळी दातांना लावतात. आईचा दिवस मशेरीशिवाय उजाडत नसे.

‘आये, काय केलंस हे?’ मी ओरडलो.

‘काय केलं? डब्यात बटाटा सडलावता, बुरशी धरलीवती. म्हनलं, पोरगं लपूनछपून तंबाखू खायला लागलं तर लागलं, पर चांगला माल वाया का घालवायचा? भाजला की समदी घान जाती.’

तिला काय बोलणार? तिने वाया जाणारा जिन्नस वाचवला होता. वाया घालवणारा मी होतो. पुढच्या सुट्टीच्या दिवशी पुण्यातल्या कँपात जाऊन दुकानामागून दुकान पालथं घातलं. एका ठिकाणी एक डबा निघाला, पण हुंगला तर मिठाईच्या दुकानात आल्यासारखं वाटलं. असला डबा साहेबांपुढे ठेवण्यापेक्षा जोडे खाल्लेले बरे, असं म्हणून मी हात हलवत परत आलो.

महिनाभराने एका रविवारी सकाळी काळा चष्मा लावलेले साहेब स्वतःच आमच्या दारात उभे राहिले. खिशातून पाईपचं टोक डोकावत होतं, आणि चेहरा सुट्टी लागलेल्या मुलासारखा. मी बटाट्यापासून तव्यापर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं. ते ओट्यावर बसले. पाईपचं टोक बोटाने खिशात आत ढकललं. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं.

एवढ्यात आमचं बोलणं ऐकून आतून आई आली, ती मशेरीची डबी घेऊनच. डबा कुणाचा हे तिला मी धास्तीने सांगितलंच नव्हतं. ‘सायेब, तुमची तंबाखू व्हय ती? लई इचारी मानसानं केल्याली हाय, बगा. तीन जातीचं पान हाय त्यात. एक ग्वाड, एक आंबूस, आन एक धुरावल्यालं. टांगून धुरी दिलीया त्येला, आन लाकूड बी साधंसुधं न्हाई.’

साहेबांनी मान वर केली. ‘आई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘सांगाय कशाला पायजे? नाक हाय की!’

‘विष्णू, हे कळायला मला दोन वर्षं आणि एक जाडजूड पुस्तक लागलं होतं,’ साहेब म्हणाले. त्यांनी चिमूटभर मशेरी तळहातावर घेतली, हुंगली, आणि हसले. पण मग सवयीने रिकामाच पाईप दातांत धरला, आणि लगेच काढून खिशात ठेवला. मला राहवलं नाही. म्हटलं, ‘साहेब, तुम्ही ती ओढलीच कुठे? मुंबईला माणूस पाठवून दुसरा डबा आणतो. शब्द काही मोडत नाही.’

‘मोडतो रे. डबा संपला की बंद, असा शब्द होता. तो कुणी संपवायचा, हे काही ठरलं नव्हतं.’ आणि ते चहासुद्धा न घेता गेले.

ते गेल्यावर मी आईला त्या शेवटच्या डब्याची सारी हकिकत सांगितली. तिने हातातली डबी खाली ठेवली. ‘अरं द्येवा! त्यांच्या तोंडचा घास काढला की रं म्या!’ दोन दिवस तिने मशेरीला हात लावला नाही, आणि आमच्या घरात हे उपासापेक्षा मोठं होतं. तिसऱ्या दिवशी मात्र तिने मामाला निरोप धाडला आणि तंबाखूची चांगली रुंद पानं मागवली. चुलीवरच्या आढ्याला दोऱ्या बांधून पानं टांगली आणि धुरी सुरू केली. बाभळीचं लाकूड लावून पाहिलं, ‘उग्र हाय’ म्हणून सोडलं. आंब्याची ढलपी लावली, संत्र्याच्या साली वाळवून टाकल्या, मधूनच निखाऱ्यावर ऊद. रोज एक पान उतरवून हुंगायची, कपाळाला आठी घालायची आणि परत टांगायची. चुकीची माफी मागणारे खूप पाहिले. चूक कष्टाने भरून काढायला बसणारं मी हे एकच माणूस पाहिलं. पावसाळा गेला, बाजरी कापून झाली, आणि दिवाळीनंतर एके दिवशी पान हुंगून तिची आठी उलगडली. ‘सायेबास्नी बलीव,’ ती म्हणाली.

साहेब आले. आईने सुपातून पानं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एक उचलून नाकाशी नेलं, डोळे मिटले, आणि ते इतका वेळ तसेच राहिले की मी घाबरलो. ‘आई, जमलंय,’ एवढंच ते म्हणाले. कुठला तो समुद्रापलीकडचा डोंगर, आणि कुठली आमची चिंचवडची चूल!

‘मग भरा की चिलीम!’ आईचा चेहरा फुलला होता.

साहेबांचा हात खिशाकडे गेला. मधेच थांबला. जी चव या जन्मात पुन्हा मिळणार नाही असं ते धरून चालले होते, ती समोर सुपात होती, आणि बघणारं आमच्याशिवाय कुणी नव्हतं. खरं सांगतो, त्यांनी पाईप भरावा असंच मला वाटत होतं. त्यांनी हात खाली घेतला.

‘नाही भरता येत, आई. घरी शब्द दिलाय.’

मला वाटलं, आता आई रागावणार. इतक्या महिन्यांची धुरी पाण्यात गेली म्हणून बोलणार. ती उठली, सूप उचललं, आणि सगळीच्या सगळी पानं चुलीतल्या निखाऱ्यांवर ओतली.

‘शबूद न वढन्याचा दिलाय नव्हं? वास घ्यायाला कुनाची बंदी हाय?’

धूर आधी आढ्याला गेला, मग सोप्यात आला, आणि मग दाट, संथ, गोडसर होऊन साहेबांभोवती साठत गेला. त्यांनी भिंतीला पाठ टेकली. काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला, आणि आम्हा दोघांदेखत, काही न लपवता, ते रडू लागले. आई त्यांच्यापाशी जाऊन बसली, आणि आपल्या पदराचं टोक त्यांच्या हातात देत म्हणाली, ‘टिपा हळू. डोळं नवं हायती, सायेब, चोळू नगा.’