विंचवाच्या गोष्टीतली ती मुलगी

माझा सावत्र बाप मेला, आणि तुम्ही त्याला देवमाणूस ठरवून मोकळे झालात.

विकासची पोस्ट वाचली असेलच. विकास माझा धाकटा भाऊ, अण्णांचा सख्खा मुलगा. सावत्र मुलीला विंचू चावला तेव्हा अण्णा तिला पाठीवर टाकून अनवाणी डोंगर उतरले आणि थेट पौडच्या दवाखान्यात घेऊन गेले, असं त्याने लिहिलंय.

खाली कमेंट्समध्ये नुसते जोडलेले हात.

ती मुलगी मी.

गोष्ट खरी आहे. पण अर्धी.

उद्या दहावा. आमच्या मुळशीत दशक्रियेला आधी प्रवचन होतं, मग एकेक जण माईक घेऊन श्रद्धांजली वाहतो. विकासचा फोन आला होता. "ताई, तू बोल. इचवाचं सांग. तुझ्या तोंडून लोकास्नी लई भिडंल."

बोलते ना. पण इथे बोलते.

माझे वडील गेले तेव्हा मी लहान होते. आईने अण्णांशी लग्न केलं आणि दुसऱ्याची पोर पदरात घेतली म्हणून गावाने अण्णांना डोक्यावर घेतलं. (अहो-जाहो सुटत नाही बघा. जिभेला तसं वळणच लावलंय.)

अण्णा मला 'पावनी' म्हणायचे. पाहुणी. "आमची पावनी कुटं हाय?" असं चारचौघांत विचारलं की लोक हसायचे. त्यांना ते लाड वाटायचे.

आपल्याकडे पाहुण्यांना आधी वाढतात. मला शेवटी, तेही उरलं तर.

पाहुण्यांना कुणी गुरांच्या दाव्याने मारत नाही.

आई मध्ये पडली की तिलाही तेच दावं.

तर विंचू.

डेअरीला घालायचं दूध माझ्या हातून सांडलं. अण्णांनी मला गोठ्यामागच्या सरपणाच्या खोपीत कोंडलं आणि बाहेरून कडी लावली. आत काळोख. बसायला जागा करावी म्हणून लाकडं चाचपत होते, तर हाताला डंख बसला.

मी किंचाळत होते. अण्णा दाराबाहेरच होते. "नाटकं करतीया," असं ते आईला म्हणाले, ते मला नीट ऐकू आलं.

माझा आवाज बंद झाला तेव्हा कडी उघडली.

विकास तेव्हा पाळण्यात होता. त्याला ही कडी कुणी सांगितलीच नाही.

आता तुम्हाला आवडेल तो भाग. तोही खराच आहे.

त्यांनी खरंच चप्पल घातली नाही. उतारावर घसरले, गुडघे फोडून घेतले, पण मला खाली पडू दिलं नाही. रडत होते. "सारिका, डोळं मिटू नगं. सारिका, बोल माझ्यासंगं."

सारिका. त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

अंगात विष चढत होतं आणि मला बरं वाटत होतं. त्या घामेजल्या पाठीवर मला वाटलं, आता आपल्याला बाप आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? अण्णा म्हणाले, "लाकडं काढाया गेली व्हती, सायेब." आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती. मी मान डोलावली.

घरी आल्यावर जरा उभी राहायला लागले, तेवढ्यात हाक आली. "ए पावने, शेण कोन काडनार?"

मी कित्येक वर्षं स्वतःची समजूत घालत होते की काही माणसांना माया करताच येत नाही, त्याला ती तरी काय करणार.

त्यांना येत होती. माझं नावही येत होतं. पण मी मरायला टेकल्याशिवाय द्यायचं नव्हतं.

मारलेलं विसरेन कदाचित. हे नाही.

काल आईला फोन केला. तीही आधी तेच म्हणाली, बोल की दोन शब्द, गेलेल्या माणसाचं कशाला उकरायचं. मी म्हटलं, आई, सांगायचं तर कडीसकट सांगेन.

 

मग ती म्हणाली, "व्हय. त्यांनीच लावली व्हती कडी. सांग समद्यास्नी."

आजवर तिने हे कधी, अगदी माझ्याजवळसुद्धा, उच्चारलं नव्हतं. म्हणून ही पोस्ट.

विकास, तुझे वडील गेलेत. तू रड, तुझं दुःख खरं आहे. उद्या मी बावधनहून येईन, आईजवळ बसेन. माईक मात्र माझ्यापुढे आणू नकोस. तेरावं झालं की आईला माझ्याकडे घेऊन येणार आहे. तीही हो म्हणालीय.

अण्णा, गेलेल्या माणसाला करतात तेवढा नमस्कार.

घरातून निघताना 'येते' म्हणावं, 'जाते' म्हणू नये, हे आईने शिकवलंय. आजवर मी तुमच्या घरातून निघताना दरवेळी 'येते'च म्हटलं.

पावनी निघाली, अण्णा.

जाते.