हुंगलेलं फूल

आमच्या मळ्यातली शेवंती त्र्यंबकला देवाला जायची, म्हणून मला फुलं तोडायला बंदी होती. मी खाली वाकले की डाव्या नाकपुडीतून पाण्याचा थेंब टपकायचा. "हिचं नाक गळतंय फुलांवर. देवाला कसं चालंल?" काकू म्हणायची. वेखंड, ओव्याची धुरी, काढे, सगळं झालं. सर्दी असती तर गेली असती ना!

मी कॉलेजात होते आणि नाशकात दुर्बिणीची ऑपरेशनं नवी होती, तेव्हा एका डॉक्टरांनी ते पाणी तपासलं. कवटीच्या तळाला जन्मापासून भोक होतं आणि तिथून मेंदूभोवतीचं पाणी गळत होतं. डॉक्टरांनी नाकातूनच दुर्बीण घातली आणि माझ्याच मांडीतला पातळ पडदा काढून त्या भोकाला ठिगळ लावलं. चेहऱ्यावर ओरखडासुद्धा आला नाही. भेटायला आलेली काकू म्हणाली, "भोक डोक्यात अन् टाके मांडीला? फसवलं बाई तुला."

डॉक्टरांनी वाकायची परवानगी दिली त्या दिवशी पाटी घेऊन थेट मळ्यात गेले आणि अख्खी सरी वाकून तोडली. एक थेंब पडला नाही. काकू बांधावरून बघत होती. "आता देवाची फुलं तूच तोड," ती म्हणाली.

हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पाटीतली सगळ्यात मोठी शेवंती मी उचलली, काकूच्या देखत पोटभर हुंगली आणि माझ्या वेणीत खोवली.