बाबांनी टेकवलेली बॅरल

माझे काका बंदुका दुरुस्त करतात. आमच्या नेमबाजी क्लबच्या मागे त्यांची खोली आहे: एक खिडकी, खिडकीखाली जाड फळीचं टेबल, आणि वर्षभर न जाणारा जवसाच्या तेलाचा वास. चष्मे तीन. एक नाकावर, एक कपाळावर आणि एक कायम हरवलेला. चाळीस वर्षं तिथे बसून त्यांचा हात सोन्यासारखा झाला आहे, तोंड मात्र कुणीही ऐकून घेऊ नये असं.

काकांचं एकच म्हणणं. बॅरल, म्हणजे बंदुकीची नळी, मोकळी हवी. गोळी सुटली की बॅरल थरथरते, तेव्हा खालच्या लाकडाने तिला कुठेही शिवायचं नाही. दमट हवेत लाकूड फुगतं, बॅरलला ढकलतं आणि नेम सरकतो. म्हणून काका कानस घेऊन बॅरलखालचं लाकूड तासतात. क्लबात कुणी नवी रायफल आणली की "या, बसा" म्हणायच्या आधी ते बॅरल आणि लाकूड यांच्यात कागदाची पट्टी सरकवून बघतात. पट्टी मध्येच अडकली, की त्या माणसाची धडगत नसते.

खोटं कशाला बोलू, दहातल्या आठ रायफली त्यांच्या हाताखालून गेल्यावर सुधारल्या. पण उरलेल्या दोनांबद्दल काकांना विचारायची सोय नाही.

बाबांची रायफल त्या दोनांच्या जातीची, पण काकांच्या कानशीखाली कधी न गेलेली. बाबा म्हणजे काकांचे थोरले भाऊ, पेशाने सुतार. रायफलीचा दस्ता त्यांनी स्वतः घडवला होता. बॅरल हलकी, बारीक. म्हणून बाबांनी अगदी पुढच्या टोकाला अंगठ्याएवढा लाकडाचा उंचवटा ठेवला आणि थरथर आवरावी म्हणून बॅरल त्यावर किंचित दाबून टेकवली. पन्नास मीटरवर पाच गोळ्यांची भोकं एका शर्टाच्या बटणाखाली झाकली जायची. काका म्हणायचे, "हा योगायोग आहे, दादा." बाबा म्हणायचे, "मग तू करून दाखव असा योगायोग." अठ्ठावीस वर्षं जेवायला बसलं की हेच. आई शेवटी दोघांची ताटं उचलायची आणि म्हणायची, "भाऊजी, आता त्या बॅरलीलाच वाढू का?"

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि रायफल माझ्याकडे आली. मी नकाशे काढायच्या ऑफिसात नोकरी करते आणि उरलेला सगळा वेळ नेमबाजीला देते. जिल्ह्याच्या संघात चार जागा असतात. दोनदा मी पाचवी आले होते. या वर्षी सरावात माझे गुण तिसऱ्या क्रमांकाचे होते आणि ही जागा मला हवी होती, अगदी हट्टाने हवी होती.

निवड चाचणीच्या दहा दिवस आधी ऑफिसने मला चार दिवस बाहेरगावी पाठवलं. रायफल क्लबच्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली काकांकडे.

परत येऊन पाच गोळ्या झाडल्या. कागदावर भोकं अशी विखुरली होती की झाकायला बशी लागली असती. काका मागेच उभे होते.

"गोळ्या बदल," ते म्हणाले.

बदलल्या. मग वारा. मग माझा श्वास. मग माझा नवा चष्मा. तीन दिवस मी या माणसाचं ऐकत राहिले, रात्री नीट झोपले नाही, आईवर उगाच खेकसले. चौथ्या दिवशी चिडून रायफल उलटी केली, तर पुढच्या टोकाचं लाकूड फिकट, नुकतं तेल लावलेलं. उंचवटा गायब.

"काका, हे काय केलंत?"

"मोकळी केली. तुझ्याच भल्यासाठी."

"बाबांनी तो मुद्दाम ठेवला होता!"

"मला माहीत नाही का? एकदाचा सोक्षमोक्ष लागेल म्हटलं."

माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. काका सगळं ऐकून कपाटाकडे गेले, दोन ट्यूबांतला, वाळून दगडासारखा होणारा डिंक कालवला आणि पुढच्या टोकाला नवा उंचवटा बसवायला लागले. तो वाळला की घासायचा, मी पाच गोळ्या झाडायच्या, की पुन्हा घासायचा. उरलेले दिवस आमचं हेच चाललं. एकमेकांशी बोलणं नाही. भोकं जवळ आली, पण बटण पुरेना. बाबांनी किती दाब ठेवला होता ते कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि ज्यांना विचारायचं ते नव्हते.

चाचणीत मी पाचवी आले. दोन गुणांनी.

काका बाहेर गाडीपाशी थांबले होते. माझा चेहरा बघून त्यांना कळायला हवं होतं, तरी विचारलंच, "वारा होता का गं?"

माझं डोकं फिरलं. "पान हलत नव्हतं! तुमच्यामुळे गेली माझी जागा, काका. फक्त तुमच्यामुळे."

आता पुन्हा गोळ्या आणि चष्मा निघणार म्हणून मी भांडायच्या तयारीतच होते. काकांनी माझ्या हातातली रायफलीची पेटी घेतली, मागच्या सीटवर आडवी ठेवली आणि दाराला हात लावून उभे राहिले.

"दादाचं बरोबर होतं," ते म्हणाले.

अठ्ठावीस वर्षं बाबांना एवढंच ऐकायचं होतं. मी तिथेच, सगळ्यांसमोर ओरडले, "मग तेव्हा का नाही म्हणालात? त्यांच्या तोंडावर का नाही?"

काकांनी गाडीचं दार हळूच लावलं.

"तेव्हा तो होता ना गं, भांडायला."