वाळूची घागर

लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्यांवरचे फलक बदलले. टँकर मात्र जुन्याच सवयीनं चौथ्या दिवशी यायचा. त्या वर्षीच्या दुष्काळात निलंग्याजवळच्या एका वस्तीत मी पाण्याच्या मोर्चाची पत्रकं वाटत होतो. एका अंगणात विशीतली मुलगी जड घागर डोक्यावर उचलत होती, खाली घेत होती, पुन्हा उचलत होती. पाण्याशी असला खेळ? माझं डोकंच फिरलं.

"सांडलं तर कुठून आणणार, ताई?"

तिनं घागर माझ्यापुढे कलती केली. आत वाळू होती.

"गुरुवारी पोलीस भरती हाय," ती म्हणाली. "पाणी पिऊन संपतंय, भाऊ. वाळू उद्याबी राहती."

मग तिनं वरवंटा मानेशी धरला आणि गोळाफेकीतल्या गोळ्यासारखा थेट बाभळीपर्यंत फेकला. दारातून तिची माय ओरडली, "चटणी कशानं वाटू गं? तुझ्या डोस्क्यानं?"

ती हसत पळाली. धुवायला पाणी नव्हतं, म्हणून वरवंटा ओढणीनं पुसून तिनं मायला दिला.

मोर्चाही गुरुवारीच होता. मी जरा तावातच विचारलं, "हक्काच्या पाण्यापेक्षा भरती मोठी का?"

तिनं पत्रक शेवटपर्यंत वाचलं.

"बरोबर लिवलंय. पुढच्या मोर्चाला हाय मी. भरती झाले तर तुमच्याम्होरं, न्हाई झाले तर तुमच्यासंगं."

आजही मोर्चा अडवायला महिला पोलीस उभ्या राहिल्या, की घोषणा देता देता मी त्यांचे चेहरे पाहत जातो. ती अजून दिसलेली नाही. आमच्या रांगेतही नाही.