साडूच्या पाण्यातली नीळ

अख्खी गल्ली त्याला कडकराव म्हणायची. त्याच्या इस्त्रीखालून निघालेला सदरा खुर्चीवर ठेवला, तर आत माणूस असल्यासारखा ताठ बसायचा. स्वभावही तसलाच, खळ जरा जास्त झालेला. उताराच्या गल्लीत वरच्या अंगाला त्याची लाँड्री आणि खालच्या टोकाला साडूची. बायका सख्ख्या बहिणी, धंदा एक, सासुरवाडी एक. जळायला आणखी काय लागतं?

सासूबाईंनी साडूला चहा आधी दिला, की घरी येऊन हा बायकोला विचारायचा, "आपण काय दाराबाहेर बसलो होतो का गं?" साडूनं नवी पाटी लावली, की ह्याला आपली पाटी मळकी दिसायची. पण ही सगळी जुनी धुसफूस. खरी आग लागली ती पाण्यावरून.

गल्लीच्या पोटातलं पाणी दरसाल खाली खाली चाललं होतं. बोअरच्या मोटारीला पाइप जोडून जोडून लोक कंटाळले. नाक्यावरच्या हॉटेलची बोअर आधी गुळण्या टाकायला लागली, मग नुसती हवा. तेव्हा सरकारला जाग आली. नव्या बोअरवर बंदी आली. गल्लीच्या पायथ्याशी एक जुना तलाव होता, गाळानं इतका भरलेला की पोरं त्यात चेंडू खेळायची. त्यातला गाळ यंत्रं लावून उपसला. आणि पाण्यावर धंदा करणाऱ्यांपैकी ज्याच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर आहे, त्यानं त्या छपराचं पाणी जमिनीत जिरवायचं, असा हुकूम निघाला. साडूच्या डोक्यावर घरमालक राहत होता, तो सुटला. कडकराव सापडला.

भूजल खात्याच्या बाई आल्या. त्यांच्या हातात लांबलचक फीत, टोकाला वजन. ती बोअरमध्ये सोडून त्या पाणी किती खोल आहे ते बघायच्या. त्यांनी कडकरावाच्या मागच्या अंगणात, बोअरच्या शेजारीच, खड्डा आखून दिला. मध्ये खोल उतरलेला पाइप, भोवती दगड, खडी, वाळू, कोळसा. पत्र्यावरचं पाणी पन्हाळीतून येणार, गाळून खाली जाणार.

"यात पावसाच्या पाण्याशिवाय काही म्हणजे काही टाकायचं नाही," असं बजावून बाई गेल्या.

पाऊस बरा झाला. कडकरावाच्या बोअरची धार होती तशीच राहिली, करंगळीएवढी. आणि साडूची? उन्हाळ्यात थांबत थांबत चालणारी त्याची मोटार आता असं पाणी फेकायची की हौदाच्या काठावर उभं राहायची सोय नाही.

"खड्डा माझा, पत्रा माझा, वाळू मी डोक्यावर वाहिली, आणि पाणी उतारानं थेट ह्याच्या घशात!" कडकराव बायकोवर ओरडला.

"मग काय करू? बहिणीला सांगू, परत पाठव म्हणून?"

"तू हसून घे!"

बायको हसली आणि बादली उचलून गेली. पण ह्याचं जेवण तुटलं. त्यात दवाखान्याच्या मावशी आल्या. दवाखान्याच्या चादरी म्हणजे कडकरावाच्या लाँड्रीचा कणा, आणि त्या कुठं धुवायला टाकायच्या हे मावशींच्या हातात. गठ्ठा टेकवून त्या सहज बोलल्या, "हल्ली तुमच्याकडून उशीर होतो हो. खाली तुमच्या साडूंकडे पाणी भरपूर आहे म्हणे."

म्हणे! कडकरावाच्या हातातली इस्त्री तशीच राहिली आणि एक उशीचा अभ्रा जळला.

त्यानं ठरवलं, पाणी कुणाचं ते आता गल्लीला दाखवायचंच. आणि धोब्याच्या डोक्यात दुसरं काय येणार? नीळ. इथं ओतायची, की तिथं साडूच्या हौदात निळी धार पडणार. मग चारचौघांना बोलावून विचारायचं, बोला, कुणाचं पाणी?

पुढचा जोराचा पाऊस आला तेव्हा त्यानं मागचं दार लावून घेतलं. वाळू-कोळसा नीळ अडवेल, एवढी अक्कल त्याला होती. म्हणून पाइपाचं झाकणच काढलं आणि बाटल्यांमागून बाटल्या सरळ आत रिकाम्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी इस्त्रीचा सदरा घालून साडूकडे हजर. हौदाशेजारी खुर्ची ओढून बसला. साडूनं मोटार लावली. धार पडली. स्वच्छ.

"काय साडूभाऊ, आज वाट चुकलात?"

"का? येऊ नये का माणसानं?"

"या की. पण माझ्या नळाकडे असं काय बघताय? नजर लावाल."

मेहुणी चहा घेऊन आली. "दाजी, घ्या ना. निवतोय."

दाजींचं लक्ष धारेवर. धार स्वच्छच. हा मनात म्हणतोय, येईल, येईल, उतार लांबचा आहे. चहावर साय धरली.

तेवढ्यात रस्त्यावरून त्याची बायको धावत आली. काखेत ओली चादर, पदर खोचलेला, आणि कोपरापर्यंत हात निळे.

"अहो, आपल्या बोअरला काय झालं बघा! दवाखान्याच्या सगळ्या चादरी आभाळासारख्या झाल्या! मावशी दुपारी न्यायला येणार!"

साडूनं चादरीकडे पाहिलं, मग कडकरावाकडे, मग आपल्या हौदाकडे. त्याला लगेच कळलं. पण तो माणूस असा बेरकी, की हसला नाही. "आणा इकडे सगळ्या," एवढंच म्हणाला. तो हसला असता तर कडकरावाला बरं वाटलं असतं.

साडूच्या हौदात, साडूच्या पाण्यात कडकराव गुडघ्यापर्यंत उतरला आणि चादरी चोळत बसला. मावशी आल्या तेव्हा चादरी साडूच्या दोऱ्यांवर वाळत होत्या, आणि निळे हात असलेला कडकराव चिमटे लावत होता. मावशींनी दोन्हीकडे एकेकदा बघितलं. "बरंय की. मग आता चादरी इथंच टाकत जाईन. डॉक्टरांचे कोट तेवढे तुम्ही करा, इस्त्री तुमचीच चांगली."

पुढं भूजल खात्याच्या बाई पातळी बघायला आल्या, तर फीत निळी होऊन वर आली. आधी त्या भरपूर बोलल्या, मग झाकणाला कुलूप घातलं, आणि रंग जाईपर्यंत मोटार चालवून पाणी बाहेर सोडायला लावलं. तेवढं झाल्यावर म्हणाल्या, "अहो, तुमच्या दोन्ही बाजूंच्या बोअरचं पाणी खाली गेलं. तुमची तेवढी तग धरून आहे, ती ह्या खड्ड्यामुळं. तुमच्या साडूंना पाणी तलावाचं येतं. गाळ काढल्यापासून."

"म्हणजे माझं पाणी त्याला जात नाही?"

"असलंच तर थेंबभर."

इतके दिवस कडकराव ज्या पाण्यासाठी जळला, ते त्याच्याच अंगणात होतं. पण म्हणून जळणं थांबतं होय? उलट त्याला नवं कारण मिळालं, की सरकारनं एवढा मोठा तलाव उपसला तो नेमका साडूच्या दारात!

आता तो दर रविवारी खड्ड्यातली वाळू काढून स्वतः धुतो. वाळू धुणारा धोबी म्हणून लोक चेष्टा करतात. कोट न्यायला आलेल्या माणसाला थांबवून घेतो आणि खालच्या अंगाला बोट दाखवून सांगतो, "त्याचं काय हो, त्याला सरकार पाजतंय. आमचं पाणी आमच्या पत्र्याचं."

आतून बायको म्हणते, "आणि चादरी?"

त्या दिवशी कोट जरा जास्तच कडक होतात.